डोंगरातलं मोठं खटलं

शिवणवर्गात मशीनखाली चिंध्या साठतात, तसे किस्सेही साठतात. चिंध्या संध्याकाळी झाडून काढता येतात, किस्से मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतातच. आमच्या गेवराईच्या वर्गात तर ते जास्त करून गोरिलांचे!

कारण आमच्या कांताबाईंची वैशाली. ती जनावरांची डॉक्टर. आफ्रिकेत, रवांडाच्या डोंगरात गोरिला जपायच्या कामावर आहे. दुपारी आमचे डबे उघडले की तिचा व्हिडिओ कॉल येतो. ती गोरिलांचा 'कळप' म्हणते, आम्ही 'खटलं' म्हणतो. आजा, बायका, लेकरं सगळं एकत्र, मग दुसरं काय म्हणणार?

*

पहिल्यांदा तिने मोठ्या नराचा व्हिडिओ दाखवला. पाठ चंदेरी, छाती दाराएवढी.

"हा कर्ता. कुठं खायला जायचं, कधी झोपायचं, हाच ठरवतो. बायकांची भांडणंसुद्धा हाच मिटवतो."

माझ्या शेजारच्या मशीनवरच्या गंगूबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला.

"अवो, ते फोनमधी हायेत!" मी म्हणाले.

"असू द्या. मोठं माणूस ते मोठं माणूस!"

*

गोरिलांना माणसाची सर्दी लगेच लागते, म्हणून मास्क लावून लांबच उभं राहायचं, हे वैशालीनेच सांगितलं होतं. पुढे गंगूबाईंना पडसं झालं. फोन आला, तर त्या दाराबाहेर जाऊन उभ्या!

"आत या की!"

"नगं बाई. लेकरं हायेत त्यांच्यात!"

*

एकदा वैशाली म्हणाली, "इथल्या माद्या मोठ्या झाल्या की आपल्या मनानं दुसऱ्या कळपात जातात. तिथला नर पटला नाही, तर तिसऱ्या."

"आन् कुणी काय म्हणत न्हाई?" गंगूबाईंनी बाहेरूनच विचारलं.

"कोण म्हणणार?"

सगळ्यांचे घास हातातच राहिले. कांताबाई भाकरी मोडत म्हणाल्या, "मंग ह्यांना कावून जंगली म्हणत्यात?"

*

त्या खटल्यात पिल्लू झालं. तिकडेही गोरिलाच्या पिल्लांचं बारसं करतात म्हणे, गावं गोळा होतात. मग आम्ही मागे राहतो होय? टोपडं शिवलं, कांताबाईंनी घरचा पाळणा आणला.

आणि बारशाच्या आदल्या दिवशी वैशालीचा चेहरा उतरलेला. हरणांसाठी कुणीतरी तारेचा फास लावला होता, त्यात पिल्लाचा हात अडकला. तार मांसात रुतली होती. हात जाईल, कदाचित पिल्लूही.

"उद्या काढणार. आईला गुंगीचं इंजेक्शन द्यायचं, आमच्यातल्या बाकीच्यांनी मोठ्याला लांब ठेवायचं."

"आन् त्यो अंगावर आला तर?" कांताबाईंनी विचारलं.

"आई, रेंज जातेय," वैशाली म्हणाली, आणि फोन बंद!

*

दुसऱ्या दिवशी कुणाचं कामात लक्ष नव्हतं. गंगूबाईंनी एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला जोडल्या. कांताबाईंनी फोन मांडीवर ठेवला होता.

डबे उघडायच्या वेळेला फोटो आला. पिल्लू आईच्या छातीला बिलगलेलं, हात मोकळा. मागोमाग वैशालीचा आवाज: "निघाली तार! मोठा ओरडत धावून आला, पण आम्ही मान खाली घालून बसून राहिलो. तो परत फिरला. मी बरी आहे, आई."

कांताबाई पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "त्याला तरी अक्कल हाय. हिला कवा येणार?"

*

बारसं तिथेच, लगेच. घुगऱ्या कांताबाईंनी सकाळीच शिजवून आणल्या होत्या. कुणाला बोलल्या नव्हत्या!

पिल्लाचा फोटो लावून फोन पाळण्यात ठेवला, वर टोपडं घातलं. गंगूबाई आत्या झाल्या. पाळण्यात वाकून त्यांनी "सोनी" म्हटलं, आम्ही त्यांच्या पाठीत धपाटे घातले. पाळणा म्हणून झाला. कांताबाई दोरी ओढत बसल्या.

तेवढ्यात पाळण्यातला फोन वाजला. वैशालीचा व्हिडिओ कॉल! मी उचलायला धावले.

कांताबाईंनी हात आडवा घातला.

"हळू! आत्ताच डोळा लागलाय."