पोटावरचा डाग

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. ओतूरला वसतिगृहात राहून बी.ए. केलं, आणि हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. त्या पदवीनं पिंपळवंडीला एका रोपवाटिकेच्या ऑफिसात नोकरी मिळाली. शिवाय घरचा एक कायमचा हुद्दाही मिळाला. दवाखाना, तहसील, बँक कुठलंही असो, कागद पुढं आला की दादा म्हणतो, "थांबा, बहिणीला बोलवतो."

आई आजारी पडली त्या वेळी मात्र त्याचा फोन आला तेव्हा तो कागदाबद्दल काही बोलला नाही. "आईचा ताप हटंना. खाली दवाखान्यात आणलीय. तू ये," एवढंच म्हणाला.

नवरात्र संपत आलं होतं. आमच्या आहुप्याकडं भातं पिवळी पडायला लागतात आणि बांधावरचं गवत कमरेएवढं होतं, ते दिवस. आई रोज सकाळी गुरांसाठी गवत कापायला जायची. आधी तिची पाठ आणि डोकं दुखायला लागलं. शेजारी राहणारी आत्या म्हणाली, वाकून वाकून झालंय. तिनं बिब्बा काढला.

आमच्या डोंगरात कंबर धरली, टाच फुटली की बिब्बा घालतात. बिब्ब्याचं फळ दिव्यावर तापवायचं, सुईच्या टोकावर त्याचं तेल घ्यायचं आणि दुखऱ्या जागी ठिपके द्यायचे. कातडी जळते, खाजते, फोड येतो आणि शेवटी काळा डाग राहतो. आमच्याकडं पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही बाईच्या पाठीवर असे डाग सापडतील. आईच्या पाठीवर जुने-नवे मिळून नक्षी झाली आहे.

मी पोचले तेव्हा आई खाटेवर होती. सलाईन चालू होतं आणि डोळे तांबडे लाल झाले होते. डॉक्टर तरुण होते, घाईत बोलायचे, पण विचारलेलं टाळायचे नाहीत. मी रिपोर्ट मागितले. ते म्हणाले, "ताई, मलेरिया नाही, डेंगी नाही. टायफॉइडचंही काही मिळत नाही. प्लेटलेट कमी आहेत, लिव्हरला सूज आहे. अँटिबायोटिक चालू आहे, पण ताप दाद देत नाही."

"मग आहे काय?"

"तेच शोधतोय. आई गवतात काम करतात ना? मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, अंगावर कुठं काळी खपली आहे का म्हणून."

दादा मध्येच बोलला, "म्या सांगितलं सायबांना, काळे डाग लई हायेत. बिब्ब्याचे."

डॉक्टरांनी पाठ पाहिली होती, हात-पाय पाहिले होते. पुढून कंबर पाहायची म्हटल्यावर आईनं नऊवारीची गाठ मुठीत धरली ती सोडलीच नाही. मग सिस्टरनं पडदा ओढून पाहिलं होतं आणि बाहेर येऊन सांगितलं होतं की तिथंही बिब्बाच आहे. बिब्बा म्हटल्यावर पुढं कोण विचारणार? आम्हा कुणालाच त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला ऐकू येईना.

मी म्हटलं, "आई, पेज घेतेस?" ती माझ्याकडं बघत राहिली. मी मोठ्यानं विचारलं, दादानं कानाशी जाऊन विचारलं. ती म्हणाली, "गुरं सोडली का?" पुन्हा थोड्या वेळानं तेच. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "ताप डोक्यात चढला बाई." दादानं तिच्याकडं असं पाहिलं की तिनं तोंड फिरवलं.

डॉक्टर आले. त्यांनी आईच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मला बाहेर बोलावून म्हणाले, "श्वास वाढलाय. फुप्फुसात पाणी उतरायला लागलंय, आणि भान जातंय. संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर पुण्याला हलवा. व्हेंटिलेटर लागेल. खोटं बोलत नाही, रस्त्यातसुद्धा धोका आहे."

मी आत येऊन दादाला सांगितलं. तो भिंतीला टेकून उकिडवा बसला. "तू शिकलेली हायेस. तू सांग काय करायचं."

एवढी वर्षं मला ते वाक्य आवडायचं. त्या सकाळी वाटलं, कुणीतरी माझ्या मानेवर आख्खं घर ठेवलंय.

काहीतरी करायला हवं म्हणून मी पाण्यात फडकं बुडवून आईचं अंग पुसायला घेतलं. पडदा ओढला. आज तिच्या मुठीत गाठ धरायची ताकद नव्हती. मी लुगडं सैल केलं आणि नेसण जिथं करकचून बांधलेली असते तिथं, पोटाच्या वळीत, मला तो डाग दिसला. रुपयापेक्षा लहान, गोल, मधे कोळशासारखा काळा, कडेनं लाल.

सिस्टर म्हणाली होती तो हाच. मीही आधी तेच म्हटलं मनात. फडकं पुढं नेलं, परत मागं आणलं. मला लहानपणी आत्यानं टाचेला बिब्बा घातला होता. आठवडाभर मी टाच दगडावर घासत होते, एवढी खाज. आणि आत्या कधी एक ठिपका देत नाही. ओळीनं देते, रांगोळी काढल्यासारखे. पाठीवर तसेच होते. हा एकटाच होता. कुठं फोड नाही, ओल नाही, खाजवल्याची खूण नाही.

"दादा, हा पोटाचा बिब्बा कुणी घातला?"

"आत्यानंच. दुसरं कोण घालतंय?"

"तू बघितलास घालताना?"

"म्या कशाला बाप्यानं बघायला बसू?"

मी आत्याला फोन लावला. लागेना. आमच्या गावात रेंज येते ती देवराईच्या अलीकडच्या चढावर, घरात नाही. दुकानदाराला लावला, त्याला म्हटलं, भाऊ, आत्याला चढावर पाठव आणि मला लगेच फोन करायला सांग, आईचं बरं नाही. तो म्हणाला, "ती शेतावर गेली असंल." मी म्हटलं, "मग शेतावर जा!" इतकं ओरडले की वॉर्डातली माणसं बघायला लागली.

वाट बघणं मला जमत नाही. मी खाटेपासून दारापर्यंत आणि दारापासून खाटेपर्यंत फिरत होते. आईची छाती भात्यासारखी चालत होती. खालून ॲम्ब्युलन्सवाला येऊन विचारून गेला, "पेशंट न्यायचाय तो कोणता?" दादानं हातानंच त्याला थांब म्हटलं.

फोन वाजला. आत्या धापा टाकत होती. "काय गं? हाय ना वयनी?"

"आहे. आत्या, नीट आठवून सांग. आईच्या पोटाला बिब्बा घातलास का?"

"पोटाला?"

"पुढून, कंबरेला, नेसणीच्या खाली."

"येडी का काय तू! पोटाला बिब्बा घालत्यात व्हय? आतडं करपतं म्हणत्यात. म्या निस्ता पाठीला घातला. वयनी काय म्हणती, म्या घातला म्हणून? ती लई खोटं बोलती हां, सांगून ठेवते."

"ती काहीच म्हणत नाही, आत्या. तिला ऐकूच येत नाही."

मी फोन ठेवला आणि खाली पळाले.

डॉक्टरांपुढं रांग होती. मी रांग मोडली. एका पावण्यानं "ओ ताई, आमी काय माती खायला बसलोय का?" असं म्हटलं तेही ऐकून घेतलं. डॉक्टरांना म्हटलं, "पोटावरचा डाग बिब्ब्याचा नाही. जिनं बिब्बा घातला तिला विचारलं. पोटाला घातलाच नाही."

ते हातातलं पेन टाकून उठले.

पडद्याआड त्यांनी टॉर्च धरला, वाकून पाहिलं, बोटानं कडेला दाबलं. जांघेत गाठ चाचपली. मग उभे राहून म्हणाले, "हीच ती खपली. स्क्रब टायफस."

मी विचारलं, म्हणजे काय. ते बोलता बोलताच सिस्टरला औषध सांगत होते. गवतात डोळ्यांना धड न दिसणारा किडा असतो, तो चावलेला कळत नाही. जिथं कपडा घट्ट बसतो तिथं जाऊन चावतो. काखेत, कंबरेला. चावल्या जागी अशी खपली धरते, आणि त्यातून गेलेला जंतू ताप आणतो. कान बंद होणं, बरळणं, श्वास लागणं, सगळं त्याचंच. "आपण देत होतो ते अँटिबायोटिक याच्यावर चालत नाही. डॉक्सी चालतं. रक्त पुण्याला पाठवतो तपासायला, पण रिपोर्टची वाट बघत बसत नाही."

"मग पुण्याला न्यायचं का नाही?" दादानं विचारलं.

"ॲम्ब्युलन्स उभी राहू दे. औषध आत्ता देतो. श्वास आणखी वाढला तर लगेच निघायचं."

आईला गिळता येत नव्हतं. औषध पाण्यात कालवून नाकातल्या नळीतून दिलं. बस्स, एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं करतील. ते पिवळसर पाणी नळीतून खाली जाताना मी बघत होते आणि मनात म्हणत होते, एवढ्यानं?

संध्याकाळ झाली. श्वास वाढला नाही. कमीही झाला नाही. दादा जेवला नाही, मीही नाही. डॉक्टर येऊन बघून गेले आणि ॲम्ब्युलन्सवाल्याला म्हणाले, "आज राहू दे." त्या तीन शब्दांवर आम्ही ती रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या कपाळाला घाम आला. मी हात लावला तर कपाळ गार होतं. मी घाबरले, सिस्टरला हाक मारली. तिनं थर्मामीटर लावला आणि हसली. "अहो, ताप उतरलाय."

त्यानंतर श्वास हळूहळू खाली आला. नळी निघाली. भान आलं, पण कान उघडेनात. आम्ही दोघं कानाशी तोंड नेऊन ओरडायचो आणि आई गुरांचंच विचारायची. एका सकाळी आत्या एस.टी.नं आली. दारातूनच तिनं सुरू केलं, "वयनी! ओ वयनी! कशी हाईस?"

आईनं डोळे मिटलेलेच ठेवले. म्हणाली, "एवढी कशाला वरडती? ऐकू येतंय मला."

दादा उठून बाहेर गेला. तो का गेला ते मला माहीत आहे, म्हणून मी त्याच्या मागं गेले नाही.

आत्यानं पदरानं नाक पुसलं आणि खाटेवर बसली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "कुठं हाय तो डाग? दाव बरं मला." आईनं चटकन गाठीवर हात ठेवला. मूठ पुन्हा घट्ट झाली होती. ती सोडवायला आत्याला आणि मला दोघींना जोर लावावा लागला.