बाबांनी वाजवलेल्या फरशा

“थापी पोरीचं काम नोय, तू नुसतं पाणी मार,” मी दहा वर्षांची असताना बाबा म्हणाले होते. ते अकोल्यातले गवंडी.

गेल्या महिन्यात तिथल्या घरी एकटेच असताना ते न्हाणीत घसरून पडले. म्हणून अमरावतीच्या माझ्या न्हाणीत मी स्वतः खडबडीत फरशा बसवल्या. थंडीत सिमेंट सावकाश वाळतं, भेगा पडत नाहीत, हे त्यांचंच शिकवणं.

आज बाबा आले आणि थेट खाली बसून थापीच्या मुठीने एकेक फरशी वाजवू लागले. खाली सिमेंट कमी पडलं की फरशी पोकळ वाजते. नळाखालची आधी तशीच वाजली होती, म्हणून ती मी परवा उखडून पुन्हा बसवली होती. तिच्यावर त्यांनी दोनदा ठोकलं. आवाज भरीव आला!

“कोन्या मिस्त्रीनं केलं वं?”

“मीच केलं, बाबा.”

ते फरशीवरून हात फिरवत राहिले. “तुयाकून नुसतं पाणीच मारून घेतलं म्या. चुकलंच माह्यं.”

मैत्रिणींनो, मी दिवसभर हवेत आहे. आता एकच उरलं. “लेकीच्या घरी राह्यत नसतात” हे त्यांचं उत्तर मला पाठ आहे, पण माझी प्रत्येक पोस्ट ते वाचतात, म्हणून इथेच विचारते: बाबा, उद्या अकोल्याला जाऊ नका. इथेच राहा ना.