आठवा नंबर

यशोधराच्या कागदावर मी डोळे मिटून इस्वास ठिवला, खोटं कशाला बोलू? मी मच्छिंद्र, पाटकरी. घोडेगावजवळ कालव्याच्या आमच्या चारीवर आठ जणांची शेतं. रोज एकाचं दार उघडून पाणी सोडायचं, हे माजं काम. शहाण्णव साली पाणी सोसायटीचे सचिव रंभाजी म्हनले, "यादी आता आमची यशोधरा करंल." पोरगी नगरला कॉम्प्युटर क्लासात शिकवायची.

तिनं सोळा दिवसांचा कागद आनला. नुसते आकडे. दिवसाच्या आकड्याला आठानं भागायचं, बाकी उरंल त्या नंबराची पाळी. टक्क्याची खून घातली की मशीन भागाकार टाकून देतं, फकस्त बाकी ठिवतं म्हनं.

आठव्या दिवशी कागदावर शून्य. शून्य म्हंजे बंद, असं धरून मी एकबी दार उघडलं न्हाई. आठव्या नंबरच्या चांगुणाबाई रडत आल्या. "कॉम्प्युटरपेक्षा तुमाला जास्त कळतं व्हय?" मी वर ऐकवलं.

सोळाव्या दिवशी परत शून्य. सांजच्याला सहाला पाणी बंद हुनार, पुढचं थेट महिन्यानं. चांगुणाबाईंचं कांद्याचं रोप माना टाकून पडल्यालं. रविवार हुता, यशोधरा घरी हुती. म्हातारीनं मला हाताला धरून तिच्या दारात नेलं. कागद बघून पोरगी पांढरीफटक पडली.

"मामा, आठाला आठानं भागलं की बाकी शून्यच! शून्य आलं तर आठ धर, हे मी मशीनला लिहिलंच नाही. पळा!"

पळालो. सोळा दिवस न उघडल्यालं दार गाळानं गच्च. यशोधरा पाण्यात उतरली, हातानं गाळ उपसला, नखं फुटली. चारला दार हाललं. सहाला पाणी तुटलं तवा निम्मंच रोप भिजलं हुतं.

सोसायटीच्या बैठकीत मी तिच्या कानात म्हनलो, "मशीन चुकलं म्हन."

"मशीननं सांगितलं तेच केलं," ती सगळ्यांसमोर बोलली. "चुकले मी."

माजी मान खाली गेली. चौदा वर्षं आठी घरं मला तोंडपाठ. तरी मी कागदाचं ऐकलं, समोर रडनाऱ्या बाईचं न्हाई.

चांगुणाबाई म्हनल्या, "पोरी, पुढच्या कागदात माजा नंबर पयला कर."

"करते, आजी," यशोधरा म्हनली. "पण आठवं कुणीतरी राहणारच. आधी त्याची ओळ लिहिते."