दोन फरश्या मागं

"डोळे मिटायला लावलं की माणूस काहीतरी काढून घेतोच, बाई. मी नाही मिटणार."

"काका, काय काढून घेणार मी? पेन्सिल आहे माझ्या हातात. टोक लावते, कुठं लागलं तेवढं सांगा."

"उघड्या डोळ्यांनी सांगतो की."

"मग त्याला काय अर्थ?"

शेजारी स्टुलावर बसलेला मेहुणा खुदकन हसला. "मिटा हो दाजी. काढून घेण्यासारखं उरलंय काय तुमच्याकडं?"

मिस्त्रीनं आधी एक डोळा मिटला, मग नाइलाजानं दुसरा. डॉक्टरीणबाईंनी पेन्सिलीचं बोथट टोक त्याच्या उजव्या टाचेला लावलं.

"कमानीत," तो म्हणाला. "तळव्याच्या मधल्या खोलगटात."

"बरोबर."

"बरोबर तर बरोबर. पण तपासायची टाच, आणि तुम्ही टोचता कमानीत?"

"टाचेलाच टोचलं काका. कमानीतली कातडी उचलून टाचेवर बसवलीय ना आपण, तिची नस तोडली नाही. नसेसकट आणली. त्या नसेला अजून वाटतं, आपण जुन्याच जागी आहोत. शिकेल हळूहळू. तोवर रोज संध्याकाळी तळपाय डोळ्यांनी बघायचा, आणि अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही."

मिस्त्रीनं मान डोलावली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्यावर काठी आपटून मेहुण्याला म्हणाला, "बघितलंस? कमानीत टोचून टाच सांगते."

"टाचेलाच लावलं, दाजी. मी समोर होतो."

"तू काय, त्यांच्यातलाच."

या माणसाचं सगळं आयुष्य फरश्या बसवण्यात गेलं आणि उरलेलं शंका काढण्यात. कामावरचे लोक त्याला पाठीमागं शंकासुर म्हणत, त्याची बायको तोंडावर म्हणे. कुणी चहा दिला तर आधी कपाचं बूड बघणार. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेला, तर पाटावर बसायच्या आधी यानं जमिनीवर टाच घासली आणि सासऱ्याला विचारलं, "ही कुणी बसवली?" सासऱ्यानंच बसवली होती.

पण ती टाच होती मात्र खरी. फरशी बसवून झाली, की सांध्यात पांढरं सिमेंट भरायच्या आधी मिस्त्री चपला काढायचा, हात मागं बांधायचा, डोळे मिटायचा आणि खोलीभर उजवी टाच ओढत फिरायचा. एखाद्या फरशीची कोर कागदाएवढी जरी वर आली असली तरी तो थबकणार, वाकून खडूची फुली मारणार. पाणसळ, पट्टी, काही लागायचं नाही. "डोळा फसतो, टाच फसत नाही," हे त्याचं ठरलेलं बोलणं. डावीचा उपयोग नव्हता. जन्मभर तिच्यावर उकिडवा बसून तिचा पार खूर झाला होता. आजूबाजूला शंभर मिस्त्री असतील, पण यानं टाच फिरवून 'पास' म्हटलं, की घरमालक दुसऱ्या कुणाला विचारत नसे.

त्याच टाचेला भेग पडली, भेगेत ओलं सिमेंट गेलं. सिमेंट आतून खात जातं. यानं वरून ग्रीस भरलं आणि चार महिने काम ओढलं. शेवटी बायकोनं जबरदस्तीनं पायमोजा उतरवला तेव्हा आत पांढरं दिसत होतं. ती म्हणाली, "हे सिमेंट नाही, तुमचं हाड आहे."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर पाऊल काढून समजावलं. मांडीची कातडी टाचेवर टिकणार नाही, पातळ असते, चालून फाटेल. टाचेवर तळव्याचीच कातडी हवी. म्हणून जिथं पाय जमिनीला टेकत नाही, त्या कमानीतली जाड कातडी रक्तवाहिनीसकट, नसेसकट उचलायची, फिरवून टाचेवर आणायची. कमानीत मग मांडीची पातळ कातडी लावली तरी चालते, तिथं भार नाही.

हे ऐकलं आणि मिस्त्रीचं तोंड उतरलं. कारण ही युक्ती त्याची स्वतःची होती. उंबऱ्यापाशी फरशी फुटली आणि तसल्या रंगाची नवी मिळेना, की तो कपाटाखालची चांगली फरशी काढून उंबऱ्याला बसवायचा आणि कपाटाखाली कुठलाही तुकडा ढकलायचा. मालकाला म्हणायचा, "नवी आणलीय." आता आपल्याच पायात कुणीतरी कपाट सरकवणार, आणि वर तोंड करून 'नवी आणलीय' म्हणून सांगणार.

ऑपरेशननंतर तर विचारू नका. पाय उशीवर टांगलेला. नर्स दर तासाला यायची, नवी टाच बोटानं दाबायची, पांढरी पडून परत लाल होते का बघायची, आणि निघून जायची. "काय बघते ही? जिवंत आहे का ते? म्हणजे मरायची शक्यता आहे, आणि आपल्याला सांगत नाहीत." मांडीवरची पट्टी सुटली तेव्हा त्यानं बायकोकडून कमानीतला तुकडा वितीनं मोजून घेतला, मग मांडीवरची जागा मोजली. मांडीवरची दोन बोटं जास्त भरली. "उरलेली कुणाला लावली?" असं तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडं बघत म्हणाला. त्या माणसाचा हात भाजलेला होता. बिचारा दोन दिवस पांघरुणाबाहेर हात काढीना.

एवढं सगळं होऊन टाच मात्र भरली. गुबगुबीत, मऊ, भेग नसलेली. तीन महिन्यांनी पेन्सिलीची तपासणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावर हजर.

काम वाचनालयाच्या दालनाचं होतं. तीन बोटं रुंदीच्या बारक्या पट्ट्यांची फरशी, नक्षीची. मेहुण्यानं एकट्यानं बसवली होती, आणि चांगली दिसत होती. तेच मिस्त्रीला खटकलं. दोन दिवसांनी दालन ताब्यात द्यायचं होतं. आज टाच फिरवून 'पास' म्हणता आलं तर तो मिस्त्री राहणार होता. नाहीतर मेहुण्याच्या कामावर स्टूल टाकून बसणारा म्हातारा. दोघांनाही हे ठाऊक होतं.

"दाजी, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? अनवाणी नको."

"डॉक्टरीणबाई फरश्या बसवतात का?"

चपला निघाल्या, हात मागं गेले, डोळे मिटले. चार हातांवर मिस्त्री थबकला. चटकन लागलं होतं, पूर्वीपेक्षाही स्पष्ट. जिथं लागलं त्याखाली वाकून फुली मारली. पुढं आणखी एक. पलीकडं तिसरी.

मेहुण्यानं फुलीवर नख फिरवलं, पट्टी धरली. "सपाट आहे."

"पट्टी वाकडी असेल."

"पट्टी तुमचीच आहे."

मिस्त्रीनं छिन्नी मागितली आणि पहिली फुली फोडली. खाली सिमेंटचा माल गच्च भरलेला, कुठं पोकळ नाही, कोर शेजारच्या कोरेला बरोबर टेकलेली. चांगली फरशी हकनाक गेली. मेहुण्यानं तुकडे वेचून पाटीत टाकले, ते तर आणखीच वाईट. मिस्त्री चहाला गेला, आल्यावर दुसरी फोडली. तीही चांगली.

आता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा पोरगा आपली पाठ फिरली की खडू पुसतो आणि फुली सरकवतो! वर तीस वर्षं दाजी दाजी करतो! त्यानं टाच पुन्हा फिरवली, जागा शोधली, आणि या वेळी खडूऐवजी खिळ्यानं खरवडून फुली मारली. मग तिच्याशेजारीच बसून राहिला. दुपारचा चहाही तिथंच मागवला.

"पाळत ठेवताय का माझ्यावर?" मेहुण्यानं विचारलं.

"फुलीवर ठेवतोय. तुझं तू बघ."

चहा संपवून त्यानं स्वतःच्या हातानं तिसरी फोडली. आत माल गच्च. कोर सपाट. फुली जिथल्या तिथं.

मिस्त्री उठला. उठताना कमानीत काहीतरी कचकन रुतलं. त्यानं भिंत धरून तळपाय वर केला आणि कमान बघितली. काही नाही. अंगठ्यानं चोळलं, काही नाही. पण कळ तर तिथंच. मग नजर मागं गेली. फुटलेल्या फरशीची एक टोकदार खपली नव्या टाचेत उभी होती, आणि तिच्या बुडाशी रक्ताचा थेंब.

रक्त टाचेत, दुखतंय कमानीत.

मिस्त्रीनं खपली उपटली, खाली बसला, पाय लांब केला आणि म्हणाला, "कानावरची पेन्सिल काढ. टोच."

"डोळे मिटायला लागतील दाजी," मेहुणा म्हणाला. "मी काय काढून घेतलं तर?"

"टोच म्हणतो ना!"

मेहुण्यानं टोचलं. मिस्त्रीनं मिटल्या डोळ्यांनी कमानीवर बोट ठेवलं. डोळे उघडले. पेन्सिल टाचेवर होती. मध्ये अंतर सहा बोटं. तीन बोटांच्या दोन फरश्या.

तो रांगतच पहिल्या फुटक्या जागेपाशी गेला, दोन फरश्या मागं सरकला आणि तिथं मेहुण्याचं बोट धरून कोरेवरून नख ओढायला लावलं. नख अडकलं. दुसरीकडंही अडकलं. तिसरीकडंही.

मेहुण्याचं तोंड बारीक झालं. "वर आल्यात. कागदाएवढ्या."

"आधी एवढं स्पष्ट लागत नव्हतं मला," मिस्त्री म्हणाला. "मऊ कातडी आहे. कान तिखट आहेत हिचे. फक्त पत्ता जुना सांगते."

"मग आता?"

"आता मी थांबलो की तू दोन मागं मोजायच्या."

"आणि अनवाणी?"

"पातळ मोजा घालू."

"ताईला सांगणार आहे मी. रक्त आलं म्हणून."

"सांग. मीही सांगतो, तुझ्या भावाच्या तीन वर आल्यात म्हणून."

मेहुणा हसला, पण मिस्त्री हसला नाही. त्यानं टाच धुऊन फडकं बांधलं, नीट उलटी करून डोळ्यांनी दोनदा बघितली, चपला घातल्या. डावा पाय खाली घेऊन उकिडवा बसला.

"फोडलेल्या तीन, वर आलेल्या तीन. सहा फरश्या आण. मोजून आण, पाच आणून सहा सांगशील." आणि थापी मालात घातली.