हरभऱ्यातून निरोप

माझं डोकं लवकर तापतं, हे लातुरात सगळ्यांना ठाऊक आहे. समोरच्या चहावाल्यालासुद्धा. मी गाडीचं स्टँड जोरात मारलं की तो न विचारता चहात अद्रक जास्त घालतो. जमिनी आणि प्लॉटच्या खरेदी-विक्रीचं काम करणाऱ्या बाईला शांत राहून चालत पण नाही म्हणा. दुकानात आलेला माणूस खुर्चीवर बसायच्या आधी विचारतो, "साहेब कधी येतील?" मी म्हणते, "आलेत. बसलेत. बोला."

पण तो हिवाळा आठवला की राग नाही आठवत, धुकं आठवतं. मुरुडच्या अलीकडचं एक रान, रानभर हरभरा, दोन टोकांना तोंड फिरवून उभे असलेले दोन पुरुष, आणि मधून साडी घोट्याच्या वर धरून इकडून तिकडे जाणारी मी. कधीकधी वाटतं, हे घडलंच नाही, दुकानात दुपारी डोळा लागला तेव्हा दिसलं असेल. मग मी कपाटातली ती साडी काढून बघते. तिचा काठ अजून विटलेला आहे. हरभऱ्यावरच्या पहाटेच्या दवाला आंब म्हणतात, जिभेला आंबट लागते आणि कापडाचा रंग खाते. म्हणजे घडलं असणार.

रान एका म्हातारीचं होतं. सगळे तिला अव्वा म्हणायचे. माहेर उदगीरच्या पलीकडचं, त्यामुळं बोलण्यात मधेच एखादा कानडी शब्द यायचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकच मुलगी, नांदेडला दिलेली. अव्वाचे गुडघे गेले होते, रानात कामाला माणूस मिळत नव्हता, आणि मुलगी सारखी म्हणत होती की विकून टाक अन् माझ्याकडं ये. अव्वा तयार झाली. अडचण एकच होती. ती तिनं पहिल्याच दिवशी माझा हात धरून सांगितली.

"बाई, रान जाऊ दे. पर कोपऱ्यात हे बसलेत. आमच्यात माणूस जाळत न्हाईत, मातीत बसवतेत. मला बी ह्यांच्याच शेजारी यायचं हाय. तेवढं लिहून घे. मग अंगठा कुठं बी लाव म्हण."

मी म्हणाले, "लिहून घेते, अव्वा." आणि तिथंच अडकले. कोपरा वेगळा काढून ठेवावा तर एवढासा तुकडा कायद्यात बसत नव्हता. म्हणजे सगळं रान विकायचं आणि खरेदीखतातच लिहायचं, की समाधी हलवायची नाही, तिथं जायला वाट सोडायची आणि वेळ आली की अव्वालाही तिथं बसवू द्यायचं. घेणारा कबूल झाला तरच हे होणार. परक्या माणसाला सांगायचं, तुमच्या रानात एक समाधी आहे आणि पुढं दुसरी होणार आहे. कोण हो म्हणेल?

एवढं कमी होतं म्हणून की काय, या व्यवहारात माझ्यासोबत दोन माणसं होती.

एक देवणीकडचे मामा. उभा जन्म बैलबाजारात दलाली केली. बाजारात बैल कमी झाले तसे ते जमिनीकडं वळले. अव्वाच्या मालकाशी त्यांची दोस्ती होती, म्हणून अव्वाला माझ्याकडं त्यांनीच आणलेलं. मामा कमी बोलतात, आणि बोलले की ते मागं घेत नाहीत. दुसरे नांदेडवाले. घेणारं गिऱ्हाईक त्यांचं होतं. वयानं माझ्याएवढे, शर्ट कडक इस्त्रीचा, फोन कानाला चिकटलेला. "फिकीर करू नका मॅडम, मामला आपल्या हातात हाय," हे त्यांचं नमस्कारासारखं होतं. दर फोनला एकदा.

दोघांची पहिली भेट लातूरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात झाली. मामांनी बैलबाजाराच्या रीतीनं उपरणं हातावर टाकलं आणि हात नांदेडवाल्यांपुढं केला. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतो. शेजारच्याला कळत नाही, आणि आत ठरलेलं बाहेर कुणी बोलत नाही. मामांच्या हिशेबात याहून मोठा मान नव्हता. नांदेडवाले खो-खो हसले. "आवो मामा, बैल इकून राहिलो का आपण?" आणि फोन काढून त्या उपरण्याचा फोटो घेतला.

मामांनी हात मागं घेतला, उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं. चहा तसाच ठेवून उठले. त्या दिवसापासून ते नांदेडवाल्यांशी एक अक्षर बोलले नाहीत. जे काय असेल ते "अक्का, त्याला सांग." आणि नांदेडवालेही काही कमी नाहीत. "मॅडम, त्यांना म्हणावं." मी काय, यांच्या घरची टपालवाली होते?

समाधीबद्दल तर दोघांची दोन टोकं. नांदेडवाल्यांचं म्हणणं, आत्ता चकार शब्द काढायचा नाही, आधी नोंदणी होऊ द्या, मग तोंडी समजावू. मामांचं म्हणणं, पहिलं वाक्य समाधीचं, पटलं नाही तर गिऱ्हाईक गेलं उडत. मी म्हणत होते की सांगायचंच, पण नीट, वेळ बघून. माझं ऐकतो कोण!

मग जानेवारीतली ती सकाळ. गिऱ्हाईक रान बघायला येणार होतं. किनवटकडच्या जंगलातल्या आश्रमशाळेत आयुष्य काढलेले निवृत्त गुरुजी. त्यांना आंब्याची बाग लावायची होती. ते यायच्या आधी आम्ही तिघं पोचलो, तीन वेगळ्या गाड्यांनी. धुकं असं उतरलं होतं की बांधावरची करडई तेवढी पिवळी दिसत होती, बाकी सगळं दुधात बुडालेलं. मामा वरच्या टोकाला जाऊन उभे राहिले, नांदेडवाले खालच्या. मधे मी.

"अक्का, त्याला सांग, खोटं बोलून इकायला ही काय मोडकी फटफटी हाय?"

मी हरभऱ्यातून चालत गेले. पाय गार, काठ ओला, कुठंतरी टिटवी ओरडत होती. चालता चालता माझा राग कमी झाला, का ते देव जाणे. नांदेडवाल्यांना म्हणाले, "मामा म्हणतात, खरं सांगितलेलं बरं."

"त्यांना म्हणावं, बैलाचे दात मोजणाऱ्यानं आम्हाला धंदा शिकवू नये!"

मी परत. "ते म्हणतात, तुमच्या अनुभवापुढं आम्ही काय बोलावं."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "असं म्हणला?"

"असंच म्हणाले."

किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. धुक्यात दोघं एकमेकांना दिसत नव्हते, फक्त आवाजाचा अंदाज यायचा. मी निम्म्यात आले की दोन्हीकडं कुणीच नसायचं. मी, हरभरा आणि पांढरं. खरं सांगते, त्या मधल्या जागेत मला इतकं बरं वाटत होतं की मुद्दाम हळू चालायला लागले. घाटे तोडून खाल्ले. अव्वा आणि तिचे मालक याच ओळींतून निंदत, भांडत, हसत हिंडले असतील असं काहीतरी मनात येत होतं. ही जागा कागदावर कुणाच्याही नावानं गेली तरी ती माणसं इथून जाणार नाहीत, असं वाटलं, आणि डोळे भरून आले. मी? दलाल बाई? अगं बाई, म्हटलं, सावर!

धुकं विरळ झालं तेव्हा गुरुजी आलेले होते. आणि कोपऱ्यात अव्वाही बसलेली दिसली. तिला कुणी आणलं ते मी मामांना विचारलंच नाही, त्यांच्या तोंडावरूनच कळत होतं. दगडी ओट्यावर तिनं पाणी घातलं, बेलाचं पान ठेवलं, विभूती लावली. गुरुजींनी विचारलं, "या बाई कोण?"

नांदेडवाले पटकन म्हणाले, "शेजारीण हाय. येत असती कधीमधी."

संपलं. माझं डोकं फिरलं. "शेजारीण? लाज वाटत नाही का हो! मालकीण आहे ती रानाची! त्या ओट्याखाली तिचा नवरा आहे, आणि तिला त्याच्या शेजारी जायचंय. घ्यायचं तर हे मान्य करून घ्या गुरुजी, नाहीतर आल्या वाटेनं जा!" वेळ बघून, नीट सांगायचं ठरवलेलं मी असं सांगितलं. वा!

गुरुजी ओट्याकडं वळले. आता मामांना वाटलं, आपली वेळ आली. ते झपाझप आले, उपरणं हातावर टाकलं आणि गुरुजींचा हात आत ओढून घेतला. आता बोटं दाबून भाव सांगता येतो, समाधी कशी सांगणार? मामा डोळे मिटून दाबतायत, गुरुजी बिचारे सभ्यपणानं हात देऊन उभे. नांदेडवाल्यांनी कपाळावर हात मारला. त्या क्षणी मला तिघांनाही विहिरीत ढकलावंसं वाटलं.

अव्वा बसल्या जागेवरून म्हणाली, "सोड रे त्यांचा हात."

मामांनी सोडला.

"गुरुजी," अव्वा म्हणाली, "बैल इकला तर आपण दावं देतो का? बैल जातो, गळ्यातलं दावं सोडून घरी आणतेत. घरची लक्ष्मी घरी ऱ्हावी मनून. म्या सगळं रान देऊन राहिले. हेवढं माझं दावं हाय."

मामांनी मान खाली घातली. हजार बैलांची दावी त्यांनी आपल्या हातानं सोडून मालकांच्या हातात दिली होती, आणि हे त्यांना सुचलं नव्हतं. गुरुजी एवढंच म्हणाले, "मी कळवतो." ओट्यापाशी थोडा वेळ उभे राहिले, मग एकटेच आखाड्याकडं, म्हणजे रानातल्या पत्र्याच्या खोपीकडं, चक्कर मारून गेले. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक.

नाही गेलं. काही आठवड्यांनी नांदेडवाल्यांचा फोन आला, नोंदणीला या. लातूरच्या कार्यालयात पोचले तर खरेदीखत टाईप होऊन तयार. मी वाचलं. समाधीचं नाव नाही, वाटेचं नाव नाही.

"मॅडम, गुरुजी त्यावर काही बोललेच न्हाईत. मी कशाला खाजवून खरूज काढू?"

मी अव्वाकडं गेले. ती बाकावर अंगठा तयार ठेवल्यासारखी मूठ धरून बसली होती. "अव्वा, अंगठा लावायचा नाही," म्हटलं. "मोडला व्यवहार तर मोडू दे."

तेवढ्यात गुरुजी आले. हातात कापडी पिशवी. कुणाशी न बोलता अव्वासमोर गेले, पिशवीतून एक जुनं, काळं पडलेलं दावं काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"आखाड्यात खुंटीला होतं. त्या दिवशी काढून नेलं. तुमचं तुमच्याकडं असू द्या." मग नांदेडवाल्यांकडं वळून म्हणाले, "त्यांच्या जागेचं लिहा. वाटेचं पण. त्यांना शेवटी तिथंच आणायचं, हेही लिहा. वाचून मग सही करतो."

अव्वानं दावं नाकाला लावलं. तो वास तिला कुठं घेऊन गेला असेल, आम्हाला काय कळणार.

नांदेडवाले लाल झाले होते. पण एक सांगते, त्यांनी नंतर टाळाटाळ केली नाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून सगळं नव्यानं टाईप करून घेतलं आणि बाकावर अव्वाशेजारी बसून ओळ न ओळ वाचून दाखवली. बाहेर पायरीवर मामा बसलेले. "अक्का, त्याला इचार, वाट बैलगाडी जाईल एवढी लिहिली का?" मी आत जाऊन विचारलं. "लिहिली म्हणावं," आतून उत्तर आलं. मग अव्वानं अंगठा दिला.

त्यानंतर अव्वा नांदेडला गेली आणि मी दुसऱ्या कामांना लागले. पुन्हा हरभरा आला, गेला, पुन्हा आला. अशाच एका सकाळी नांदेडवाल्यांचा फोन वाजला. या वेळी फिकीर करू नका म्हणाले नाहीत. "मॅडम, अव्वा गेली. मी घेऊन येतोय. गाडीत मुलगी हाय सोबत."

मी पोचले तर धुकं तसंच होतं. गुरुजींनी आंब्याच्या रोपांमधे हरभरा घेतला होता, पण लिहिलेल्या वाटेवर एक दाणा पेरला नव्हता. मामा पहाटेपासून माती काढायला उभे होते. नांदेडवाल्यांची गाडी बैलाच्या चालीनं त्या वाटेवरून आली. अव्वाला मालकांच्या शेजारी बसवलं. लेकीनं ते दावं आईच्या मांडीवर ठेवलं. माती पडली, बेल पडला.

नंतर सवयीनं मामा वरच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि नांदेडवाले खालच्या. मामांनी मला हाक मारली.

"अक्का, त्याला सांग, त्यानं तिला लई जपून आणलं."

मी हरभऱ्यातून चालत गेले. मधल्या पांढऱ्या जागेत या वेळी थांबले नाही. जाऊन सांगितलं, शब्दाला शब्द. या एका निरोपात बदलण्यासारखं काही नव्हतं.

इस्त्रीच्या पँटसकट नांदेडवाले हरभऱ्यात उतरले आणि स्वतःच मामांकडं चालत गेले. तोवर विरळ झालेल्या धुक्यातून मला दिसलं, मामांनी हातावर उपरणं टाकलं होतं, आणि नांदेडवाल्यांनी आपला हात त्याखाली घातला. दोघं तसेच उभे राहिले.

आत काय ठरलं ते मला अजून माहीत नाही. उपरण्याखालचं कुणी बाहेर सांगत नसतं. मी पलीकडच्या टोकाला एकटीच होते, न्यायला निरोप उरला नव्हता, आणि मी हरभऱ्यात उभी राहून मोठ्यानं रडले.