कानाशी धरलेला फुगा

परवा मुलीच्या वाढदिवसाला परदेशी फुग्यांचं पाकीट फोडलं आणि रबराच्या वासानं मला सरावलीच्या फुग्यांच्या कारखान्यात नेऊन सोडलं. आई तिथं माल तपासायची. फुगा फुगवून कानाशी धरायची, हवा निसटताना ऐकू आली की बाजूला टाकायची. एकदा मी डबा घेऊन गेले, तेव्हा शेठनं परदेशातून बाजारात आलेले स्वस्त फुगे तिच्यापुढे ओतले होते.

"बघ, कसे आहेत."

आई एकेक फुगा कितीतरी वेळ कानाशी धरून बसली. शेवटी म्हणाली, "शेठ, एक पण गळत नाय."

पुढे कारखाना बंद पडला.

तेव्हा वाटलं, आई फारच बारकाईनं तपासते. आता कळतं, एखादा तरी गळका निघेल म्हणून ती थांबली होती. परवा मीही फुगा कानाशी धरला. बराच वेळ.