कापूस आपोआप येत नाही

आदिलाबादकडच्या नेरडीगोंड्याच्या थांब्यावर हैदराबादची बस यायला उशीर होता. व्हिसा लांबल्यामुळे मी दसऱ्यानंतर निघत होते, म्हणजे ऐन वेचणीत. आई वावरातून थेट आली होती. केसांत कापसाचे तंतू आणि कमरेला ओटी तशीच. जुन्या लुगड्याचं फडकं कमरेला बांधून झोळी करायची आणि वेचलेला कापूस तिच्यात टाकत जायचं, त्या झोळीला आम्ही ओटी म्हणतो. माझी ओटी मी सकाळीच धुऊन खुंटीला अडकवली होती.

बाबा शाळेत क्लार्क आहेत, पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख पत्रकं लिहिणारे अशीच. त्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. एवढंच म्हणाले, "तिकडं पाट्या वाचत जा. वाक्यात कर्ता कोण आहे, ते पाहत जा."

आई म्हणाली, "अन् हा एवढा कापूस कुठं जाते, तेवढं पाह्यजो."

बस आली तेव्हा ती माझ्या बाहीला चिकटलेला कापूस काढत होती.

चार वर्षं होत आली. शिकायला जर्मनीत आले, शिक्षण संपलं, नोकरी लागली. माझ्यासारखे जे निघून आलेत त्यांना ठाऊक असेल, मागे राहिलेल्यांना आपली हकीकत ऐकायला वेळ नसतो, त्यांना फोटो हवा असतो. पॅरिसच्या टॉवरसमोर मी तासभर रांगेत उभी राहून फोटो काढला, तर मावशीचं उत्तर आलं, "टावर दिसून राह्यला, तू नाही दिसून राह्यली." मग जवळून काढला. त्यात टॉवर दिसेना. रोमचं कोलोसियम, प्राग शहरातलं घड्याळ, व्हिएन्नाचा महाल, सगळीकडे हेच झालं. माझ्या फोनमध्ये अर्धा युरोप आहे आणि प्रत्येक ठिकाणी माझा चेहरा वैतागलेला आहे.

वैताग गर्दीचा नव्हता, पाट्यांचा होता. मी पत्रकांच्या गठ्ठ्यांत वाढले. वाचायला शिकले ती छापखान्यातून आलेल्या कच्च्या प्रतींवर. आठवीत असताना बाबांनी मला पहिल्यांदा एक वाक्य लिहू दिलं होतं. मी लिहिलं, "वस्तीला पाणी मिळाले नाही." त्यांनी लाल पेनाने ते खोडलं. "मिळालं नाही म्हणजे? पाणी रुसून बसलं काय? कोणी दिलं नाही, ते लिही." त्या दिवसापासून कर्ता नसलेलं वाक्य दिसलं की माझं डोकं फिरतं. आणि युरोपातली संग्रहालयं अशा वाक्यांनी भरलेली आहेत. कर्ता असलाच तर खोटा: महाल राजाने बांधला, एकट्याने. दगडी मूर्ती "संग्रहात दाखल झाली", जणू नाव नोंदवून, हॉलतिकीट घेऊन आली.

एक ठिकाण मात्र वेगळं निघालं. मंचेरियलची श्रावंती माझ्याबरोबर शिकायला होती. तिचे वडील कोळशाच्या खाणीत काम करतात. आम्ही दोघी एक बंद पडलेली खाण पाहायला गेलो. तिथे लिफ्टने खाली नेतात, डोक्यावर टोपी देतात, अंधार दाखवतात. श्रावंती तिकिटाच्या खिडकीवरच अडली. "मा नान्नकि जीतम इस्तारु, नाकु टिकेट्टा?" बापाला खाली जायचा पगार मिळतो आणि मला तिकीट पडतं, असं म्हणून ती हसली. पण वर आल्यावर ती पाट्या वाचू लागली. तिथल्या भिंतीवर खाणकामगारांची नावं होती, त्यांचे डबे होते, बूट होते. प्रत्येक बुटाखाली कोणाचा ते लिहिलेलं. म्हणजे यांना कर्ता लिहिता येतो. हवा तेव्हा येतो.

गेल्या हिवाळ्यात मी एका जुन्या सूतगिरणीचं संग्रहालय पाहायला गेले. आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल अशी आशा होती. तिथेही गिरणीत राबलेल्या बायकांची नावं होती, फोटो होते. शेवटच्या खोलीत एका लाकडी परातीत कापूस ठेवलेला. शेजारी पाटी, "हात लावून पाहा." वरती दुसरी पाटी, "कापूस भारतातून आला."

मी हात लावला. वाळल्या पानांचा चुरा, काड्या, किडक्या बोंडातल्या डागी कापसाची पिवळी कवडी, सगळं तसंच होतं. असा कापूस घरी नेला असता तर आईने पाठीत धपाटा घातला असता. मी वाचत होते पाटी, पण बोटं आपोआप चालू झाली. चुरा एकीकडे, कवडी एकीकडे. किती वेळ गेला कळलं नाही. परातीत पांढरा ढीग झाला आणि माझ्या डाव्या मुठीत कचरा. तेवढ्यात तिथली देखरेखीची बाई आली. रागावली नाही. हळू आवाजात म्हणाली, "फक्त हात लावायचा, साफ नाही करायचा. हा असाच आला आहे." आणि तिने माझ्या मुठीतला कचरा घेऊन परत कापसात मिसळला.

त्याच संध्याकाळी मी संग्रहालयाला पत्र लिहिलं. गिरणीतल्या बायकांची नावं तुमच्याकडे आहेत, मग ज्या भारतीय स्त्रिया हा कापूस वेचतात त्या कुठे आहेत? चार पानं झाली, त्यांची मराठी प्रत बाबांनाही पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, फार सभ्य. मुद्दा पटतो, पण संग्रहालय वस्तूंतून बोलतं. वेचणीची एखादी वापरलेली वस्तू दिलीत तर काचेच्या पेटीत ठेवू आणि खाली तुमची पाटी लावू.

मला वाटलं, जिंकले. रविवारी फोन केला. तिकडे दुपार होती आणि आई बांधावर भाकर खात बसली होती. मी सांगितलं, तुझी ओटी पाठव, ती इथं काचेत लागेल, जग पाहील.

"काऊन?" आई म्हणाली. "उद्या काय पदरात वेचू?"

"दुसरी शिव ना, माय."

"मेलेल्या माणसाईचं ठेवतेत ना तिथं? मी जित्ती आहो अजून." मग घास गिळून म्हणाली, "देयाची तर तुझी देऊन टाक. तीन साल झाले, खुंटीवर टांगून हाय. वापरत नाही तेच ठेवते ना ते लोक?"

तिच्याबरोबरच्या बाया हसल्या. रविवार असल्यामुळे बाबाही वावरात होते. त्यांनी फोन घेतला. "तुझं पत्र वाचलं. 'भारतीय स्त्रिया' म्हणजे कोण? तुझ्याबी वाक्यात नाव नाही पोरी. अन् द्यायच्या आधी हिला विचारलं नाहीस."

मी नवं पत्र लिहिलं. एका पानाचं. पंचफुला नावाची बाई नेरडीगोंड्याजवळच्या वावरात आजही कापूस वेचते. ती माझी आई आहे. तिची ओटी वापरात असल्यामुळे देता येत नाही. एवढीच पाटी लावा आणि वर पेटी रिकामी ठेवा.

उत्तर आलं. वस्तूशिवाय पाटी लावण्याचा नियम नाही.

नियम कोणी केला, ते लिहिलेलं नव्हतं. मी ते पत्र लाल पेनाने खुणा करून बाबांना पाठवलं. या दसऱ्याच्या पत्रकात ते छापणार आहेत. चारशे प्रती निघतील, आदिलाबादच्या कापूस बाजारात वाटल्या जातील, आणि संग्रहालयाच्या त्या खोलीत कापूस तरीही आपोआपच येत राहील. याचा राग अजून जात नाही.

पण आईचं बोलणं त्याहून खोल लागलं. माझी ओटी द्यायला खरंच काही अडचण नव्हती. धुतलेली, स्वच्छ, कोणालाही न लागणारी. काचेच्या पेटीत तीच शोभली असती. घर म्हणजे काय असं इथे कोणी विचारलं की मी पूर्वी गावाचं, वावराचं सांगायचे. आता मला ती खुंटी दिसते.

पुढच्या फोनवर मी आईला म्हटलं, "माझी पाठवू नको. राहू दे."

"मंग वेचाले ये," ती म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी केला. अजून उत्तर नाही.